शिकारी कुत्रा आणि घरातील मांजर

ज्या प्राण्यांमध्ये कायमचे वैर असते, त्यांच्या नावांचा द्वंद्व समास एकवचनी व नपुंसकलिंगी होतो, असा एक नियम पाणिनीने घालून दिला आहे. अहिनकुलम्, मार्जारमूषकम् ही त्याची व्याकरणग्रंथांतील नेहमीची उदाहरणे होत. कुत्रा आणि मांजर यांचे नातेही याच प्रकारचे आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. दोघांचे सख्य जमले तर त्याचे कौतुक होते. न जमले तर तो जातीचा स्वभाव म्हणून सोडून दिला जातो. हे दोन प्राणी एकाच घरात सुरक्षितपणे कसे नांदतील, या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ही समजूत तपासून घेणे आवश्यक आहे. कारण समोर वैर आहे असे मानले, तर माणूस एक प्रकारचे उपाय करतो. समोर शिकार आहे हे कळले, तर ते उपाय त्याला बदलावे लागतात.

वैर म्हटले की त्यात राग आला. मांजरामागे धावणारा कुत्रा मात्र बहुधा रागावलेला नसतो. येल विद्यापीठातील वॉसमन व फ्लिन या संशोधकांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. हे प्रयोग मांजरांवर केलेले होते. मांजराच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात एका ठिकाणी विजेचा सौम्य प्रवाह सोडला असता मांजर पाठ कमानीसारखी वाकवी, अंगावरील केस फुलवी, फिसकारे आणि पंजा मारी. त्याच भागात थोड्या वेगळ्या ठिकाणी प्रवाह सोडला असता तेच मांजर आवाज न करता, नाक जमिनीलगत ठेवून पुढे सरके आणि समोरच्या उंदराचा चावा घेई. या दुसऱ्या प्रकारात रागाचे एकही चिन्ह दिसत नसे. संताप आणि शिकार या मेंदूच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. कुत्र्याच्या बाबतीतही हा भेद प्रत्यक्ष वर्तनात दिसतो. दारावरच्या अनोळखी माणसावर गुरगुरणारा कुत्रा आणि कुंपणावरच्या मांजराकडे टक लावून पाहणारा कुत्रा यांच्या चेहऱ्यांत काहीच साम्य नसते. पुष्कळदा शेपूटही हलत असते, आणि घरातील मंडळी म्हणतात, 'त्याला खेळायचे आहे.' मांजराच्या दृष्टीने या विधानाला काहीही अर्थ नाही.

इंग्रजीत या प्रवृत्तीला 'प्रे ड्राइव्ह' असे नाव आहे. येथे त्यासाठी 'शिकारवृत्ती' हा शब्द योजला आहे. 'ड्राइव्ह' या शब्दाने वाफेसारखे काहीतरी आत साठत असून ते बाहेर सोडले की प्राणी शांत होतो, असा भास होतो. 'वृत्ती' या आपल्या शब्दात तो दोष नाही, आणि वस्तुस्थितीशी तोच अधिक जुळतो. कुत्र्याला रोज मैलभर पळवून आणले, की मांजरापुरता तो निर्धास्त झाला, असे समजण्याचे कारण नाही. दमलेला कुत्रा अधिक शांत असतो व त्याला शिकविणे सोपे जाते, इतकेच त्यावरून म्हणता येईल.

शिकार ही एकच एक क्रिया नसून ती क्रियांची साखळी आहे. भक्ष्याकडे वळणे, त्याच्यावर नजर खिळविणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, प्राणघातक चावा, फाडणे आणि अखेरीस खाणे असे तिचे दुवे आहेत. रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्याने कुत्र्यांवरील आपल्या २००१ सालच्या ग्रंथात असे दाखवून दिले, की माणसाने निरनिराळ्या जाती निपजविताना या साखळीचे काही दुवे वाढविले व काही दडपले. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कोली जातीत नजर खिळविणे, दबा धरणे व पाठलाग हे दुवे अतिशय तीव्र आहेत. चावा मात्र मागे पडला आहे. रिट्रीव्हर जातीचे कुत्रे पडलेला पक्षी तोंडात धरून आणतात, पण तो चिरडीत नाहीत. मेंढ्यांची राखण करणाऱ्या जातींत ही साखळी जवळजवळ विस्कळीत झालेली असते. टेरिअर कुत्र्यांची पैदास बिळातील उंदीर-घुशी मारण्यासाठी झाली असल्याने त्यांच्यात पकड व चावा हे दुवे शाबूत आहेत; आकार लहान म्हणून त्यांना निरुपद्रवी समजणे धोक्याचे आहे.

या साखळीचा आणखी एक विशेष ध्यानात घ्यावयास हवा. तिचा प्रत्येक दुवा हा स्वतःच आपले बक्षीस असतो. पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला मांजर हाती लागले नाही, तरी पाठलागाचा आनंद त्याला मिळालेला असतो, आणि पुढच्या वेळी तो अधिक तत्परतेने धावतो. भुकेचा या क्रियेशी संबंध अगदी थोडा आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत अशी समजूत असते, की कुत्र्याला मांस दिले तर त्याला रक्ताची चटक लागते आणि दूध-पोळीवर ठेवला तर तो सात्त्विक होतो. तसे काही होत नाही. दूध-पोळीवर वाढलेला कुत्राही खारीमागे धावतो. नसबंदीने कुत्र्याचे भटकणे कमी होऊ शकते. शिकारवृत्ती त्याने जात नाही.

भारतात हा प्रश्न अलीकडे ज्या कुत्र्यांच्या बाबतीत विशेष तीव्र झाला आहे, ते म्हणजे आपले देशी शिकारी कुत्रे. कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ, महाराष्ट्र व कर्नाटकाच्या पठारी भागातील कारवान, तमिळनाडूतील राजपाळयम व चिप्पीपारै, उत्तर प्रदेशातील रामपूर ही त्यांपैकी ठळक नावे. मुधोळ व कारवान यांचे नाते इतके निकटचे आहे, की पुष्कळ जण त्यांना एकच समजतात. डाक विभागाने २००५ साली भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ, रामपूर व राजपाळयम यांना स्थान मिळाले. चौथे तिकीट हिमालयातील मेंढपाळ कुत्र्याचे होते. पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे ससे, कोल्हे व रानडुकरे यांच्या शिकारीसाठी राखले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, आणि या कुत्र्यांचे पिढीजात कामच संपले. आता देशी जातींविषयी नव्याने आस्था निर्माण झाली असून बंगळूर, पुणे, चेन्नई यांसारख्या शहरांतील सदनिकांमधून हे कुत्रे पाळले जाऊ लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु पिल्लू आणताना त्याच्या ऐटदार बांध्याची जेवढी चौकशी होते, तेवढी त्याच्या वृत्तीची होत नाही, आणि त्या घरात बऱ्याच वेळा मांजर आधीपासून असते.

मुधोळ, कारवान व रामपूर हे प्रामुख्याने वासापेक्षा नजरेने शिकार करणारे कुत्रे आहेत. त्यांचे डोके लांब व निमुळते असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००४ साली असे दाखविले, की लांब मुस्कटाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर मज्जापेशींची दाटी आडव्या पट्ट्यात पसरलेली असते, तर आखूड मुस्कटाच्या कुत्र्यांत ती एका जागी एकवटलेली असते. आडवा पट्टा म्हणजे क्षितिजालगत कोठेही काही हलले की ते चटकन टिपण्याची सोय. अशा कुत्र्याच्या दृष्टीने स्वस्थ बसलेले मांजर आणि धावणारे मांजर या दोन निराळ्याच वस्तू आहेत. याच घडणीचा विलायती ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. आपले कुत्रे त्याच्याइतके वेगवान नसले, तरी दिवाणखान्याची पंधरा फूट लांबी त्यांना एका झेपेची आहे. 'मी हाक मारून थांबवीन' असे म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा.

मग सहजीवन अशक्यच आहे काय? तसे नाही. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याने मांजराच्या पिल्लांचे गट केले. उंदीर मारणाऱ्या मांजरांच्या सहवासात वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्ले पुढे उंदीर मारू लागली. एकट्याने वाढविलेल्या २० पिल्लांपैकी ९ पिल्लांनी उंदीर मारले. जी १८ पिल्ले उंदरांबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढली होती, त्यांपैकी मात्र फक्त तिघांनी उंदीर मारला, आणि तोही ज्या जातीच्या उंदराबरोबर ती वाढली होती त्या जातीचा नव्हे. या प्रयोगाचा पहिला निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो: बालपणीचा सहवास शिकारवृत्तीला वळण लावतो. त्या तीन पिल्लांकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. सहवासाने मिळालेले अभय ओळखीच्या प्राण्याला मिळते. अनोळख्याला ते लागू होईलच असे नाही. घरातील मांजराच्या अंगावर डोके ठेवून झोपणारा कुत्रा शेजारच्या मांजराचा प्राण घेऊ शकतो. पाळणाऱ्याला हा विश्वासघात वाटतो. कुत्र्याच्या लेखी त्या दोन मांजरांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. याहून अवघड गोष्ट अशी, की घरात ओळखीचे असलेले मांजर अंगणात, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, घाबरून पळू लागले, तर त्या क्षणी ते अनोळखी होऊ शकते.

बालपणीच्या सहवासासाठी निसर्गाने दिलेली मुदत थोडी आहे. स्कॉट व फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यात अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यानुसार पिल्लाचा हा संस्कारकाल साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत असतो. मांजराच्या पिल्लात तो आणखी लवकर, म्हणजे दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात शांत व धीट मांजराच्या सहवासात वाढलेले शिकारी जातीचे पिल्लू पुढे मांजराशी नीट वागण्याची शक्यता बरीच असते. हमी मात्र कोणीही देऊ नये. पूर्ण वाढलेला, आधी मांजरे वा ससे मारलेला कुत्रा घरी आणावयाचा असेल, तर सर्व योजना निराळ्या पायावर उभारावी लागते.

कोणता कुत्रा किती धोक्याचा, हे ओळखण्यासाठी प्रथम त्याचे वर्तन पाहावे. कुत्रा दोरीत असताना, बऱ्याच अंतरावर मांजर दिसले, तर तो काय करतो? भुंकणे, उड्या मारणे, कुईं-कुईं करणे यांची माणसाला भीती वाटते. परंतु याहून काळजी करण्याजोगी गोष्ट म्हणजे स्तब्धता. तोंड मिटलेले, कान पुढे, मान ताणलेली, पुढचा एक पाय अधांतरी, अंगात बारीक कंप, आणि नावाने हाक मारली तरी कानाचीही हालचाल नाही, अशी कुत्र्याची अवस्था असेल, तर साखळी सुरू झाली आहे असे समजावे. उलट कुत्रा मांजराकडे पाहतो, मग नजर वळवितो, जमीन हुंगतो, पाळणाऱ्याकडे पाहतो, हातातील खाऊ घेतो, तर त्याच्याशी काम करता येईल. अत्यंत आवडीचा खाऊ नाकापाशी धरला असताही ज्याची नजर ढळत नाही, त्या कुत्र्याला त्या अंतरावर काहीही शिकविता येत नाही. अंतर वाढवावे, आणि घराची लांबी संपली तरी अंतर पुरत नसेल, तर त्याचा अर्थ काय तो स्पष्ट आहे.

आता घराच्या रचनेकडे वळू. या विषयावरील परदेशी पुस्तके जी घरे गृहीत धरतात, त्यांत प्रत्येक खोलीला दार असते व ते बहुधा बंद असते. आपल्या घरांची तऱ्हा वेगळी आहे. उकाड्यामुळे दारे उघडी, खिडक्या उघड्या, खोल्यांमध्ये दारांऐवजी पडदे. दूधवाला, वर्तमानपत्रवाला, कामाला येणाऱ्या बाई, शेजारची मुले यांची सतत ये-जा. अशा घरात 'एक दार बंद ठेवू' हा उपाय दोन दिवस टिकतो. म्हणून दोन्ही प्राण्यांच्या मध्ये नेहमी दोन अडसर असावेत. एक चुकून उघडा राहिला तरी दुसरा उरतो. उदाहरणार्थ, मांजराच्या खोलीला दार, आणि त्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी जाळीचे दुसरे दार. डासांसाठी बसवितात तशी बारीक जाळी शिकारी कुत्रा पंजाने फाडू शकतो. येथे लोखंडी गजांची किंवा जाड तारेची जाळी हवी. दार कोणी कोणत्या क्रमाने उघडावयाचे, हे घरातील लहानथोरांना व कामाला येणाऱ्या बाईंनाही समजावून सांगावे. बहुतेक अपघात अशाच उघड्या राहिलेल्या दाराने होतात, आणि त्याचा दोष नंतर कुत्र्याच्या माथी मारला जातो.

मांजराची खरी सुरक्षितता उंचीत आहे. जुन्या घरांतून फडताळे, कोनाडे, माळे यांची रेलचेल असे, आणि मांजराला ती घरे मानवत. नव्या सदनिकांत भिंती गुळगुळीत असतात; तेथे मुद्दाम फळ्या ठोकाव्या लागतात. पूर्ण वाढलेला मुधोळ मागच्या पायांवर उभा राहिला, की त्याचे तोंड पाच-साडेपाच फुटांपर्यंत सहज पोहोचते. तेव्हा आसऱ्याची फळी सहा फुटांच्या वर असावी. तेथवर जाण्यासाठी मांजराला अरुंद टप्पे द्यावेत, आणि ते कपाट किंवा पलंग यांसारख्या कुत्र्याला चढता येईल अशा वस्तूपासून सुरू होऊ नयेत. फळीवर चढण्याचा व तेथून दुसऱ्या खोलीत उतरण्याचा असे दोन मार्ग असले, म्हणजे मांजर कोपऱ्यात सापडत नाही. कोंडीत सापडलेले मांजर एक तर पळते किंवा पंजा मारते, आणि दोन्हींचा परिणाम वाईट होतो. ज्या घराला गच्ची किंवा वरच्या मजल्यावरचा सज्जा आहे, तेथे जाळी लावल्यावाचून या दोन प्राण्यांना एकत्र आणूच नये. कुत्र्याला भिऊन पळालेले मांजर कठड्यावरून खाली पडते.

मांजरासाठी दाराला किंवा जाळीला खाली लहान झरोका ठेवण्याची पद्धत चांगली आहे. एक गोष्ट मात्र सांभाळावी. शिकारी कुत्र्याचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने फारच निमुळते असते. ज्या भोकातून त्याचे शरीर जाणे शक्य नाही, त्यातून त्याचे तोंड जाऊ शकते, आणि आत जे बसले असेल त्याला तेवढे पुरेसे आहे. झरोक्याच्या पलीकडे हातभर अंतरावर आडवी फळी उभी केल्यास मांजर वळसा घालून जाते व कुत्र्याला सरळ तोंड घालता येत नाही. याच निमुळत्या डोक्यामुळे साधा गळपट्टा या कुत्र्यांच्या मानेतून सहज निसटतो. ओढ बसताच ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद पट्टा त्यांच्यासाठी मिळतो, तोच वापरावा.

परिचय करून देण्याच्या कामी घाई नडते. पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहूच नये. एकाचे अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवावे, एकाच फडक्याने दोघांची अंगे पुसावीत. गंधाची ओळख दृष्टीच्या आधी झालेली बरी. त्यानंतर बंद दाराच्या दोन बाजूंना, प्रथम दूर व मग हळूहळू जवळ, दोघांची जेवणाची भांडी मांडावीत. दोघेही निश्चिंतपणे जेवू लागले म्हणजे पुढची पायरी, ती गजांच्या दाराआडून पाहण्याची. येथे कुत्रा दोरीत हवा, आणि दोरी मोठ्या माणसाच्या हातात हवी. कुत्र्याने मांजराकडे पाहून आपण होऊन नजर वळविली, की त्याच क्षणी त्याला खाऊ द्यावा. शिकवावयाची गोष्ट खरे म्हणजे एवढीच आहे: मांजर दिसले, की माणसाकडे पाहावे. या बैठका पाच मिनिटांच्या असाव्यात, दिवसातून दोन-तीन व्हाव्यात, आणि त्या बिघडण्याच्या आधी संपवाव्यात. कुणाला यासाठी तीन आठवडे लागतात, कुणाला सहा महिने. शिकारी जातीच्या बाबतीत सहा महिने धरून चालावे हे बरे.

एका खोलीत आणतानाही कुत्र्याला दोरी हवी, आणि त्याच्या तोंडाला जाळीचे मुसके बांधावे. बैलाच्या मुसक्याशी आपला परिचय आहे, पण कुत्र्याला मुसके घालणे पुष्कळांना क्रूरपणाचे वाटते. जाळीदार व ऐसपैस मुसक्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात व पाणीही पिता येते. खाऊ देत देत आठवडाभर सवय लावली, तर तो ते आनंदाने घालून घेतो. जबडा आवळून धरणारी कापडी पट्टी मात्र कदापि वापरू नये. कुत्र्याच्या शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकण्यानेच बाहेर पडते, आणि आपल्या उन्हाळ्यात मिटलेले तोंड त्याच्या जिवावर बेतू शकते. मुसके घातले म्हणजे मांजर पूर्ण सुरक्षित झाले, असेही नाही. वीस-पंचवीस किलोंचा कुत्रा नुसत्या अंगाच्या धडकेने मांजराला जखमी करू शकतो.

मार देऊन हा प्रश्न सुटतो, असे मानणारे अजून पुष्कळ आहेत. मांजराकडे पाहताच छडी, किंवा गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा, असे उपाय सुचविले जातात. सुरुवातीला सांगितलेला भेद येथे उपयोगी पडतो. शिकारवृत्तीत राग नसतो. मार मिळाल्याने तेथे राग व भीती यांची भर पडते. कुत्र्याच्या मनात वेदनेची सांगड मांजराशी बसते, आणि मांजराला जो अद्याप केवळ भक्ष्य समजत होता, तो त्याला शत्रूही समजू लागतो. शिवाय शिक्षा करणारा माणूस खोलीत नसला, की शिक्षेचा धाकही नसतो. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडून देतो, म्हणजे माणसाला मिळणारी पूर्वसूचनाच नाहीशी होते.

या सर्व खटाटोपात मांजराकडे दुर्लक्ष होणे सोपे असते, कारण ते तक्रार करीत नाही. ते दिसेनासे होते, आणि घरातील माणसे म्हणतात, 'सवय झाली त्याला.' मांजर दिवसभर माळ्यावर बसून राहत असेल, जेवत नसेल, अंग चाटून स्वच्छ ठेवीत नसेल, किंवा वाळूची पेटी सोडून भलतीकडे विधी करीत असेल, तर ते त्रासात आहे असे समजावे. बोक्याला लघवीची जागा बदलावीशी वाटणे व लघवीच अडणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. दुसरीत एका दिवसाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. दोन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराला, विशेषतः ते लठ्ठ असल्यास, यकृताचा गंभीर विकार होण्याचा धोका असतो. मांजराचे खाणे, पाणी व वाळूची पेटी ही कुत्र्याच्या वाटेवर नसावीत. आणखी एक किरकोळ, पण नेहमी आढळणारी गोष्ट: कुत्र्याचे अन्न मांजराला पुरत नाही. टॉरीन नावाचे द्रव्य मांजराला आहारातूनच मिळावे लागते, आणि ते मांस-मासळीत असते.

घरात दोन कुत्रे असले, तर वर सांगितलेले सर्व काही प्रत्येकाशी स्वतंत्रपणे करावे लागते, आणि दोघांना एकदम मांजरासमोर सोडण्याची वेळ सर्वांत शेवटी, किंवा कधीच येत नाही. एकेकटे असताना मांजराशेजारी बसणारे दोन कुत्रे एकत्र आले, की एकाच्या धावण्याने दुसरा पेटतो. दिवाळीचे दिवसही असेच कसोटीचे. फटाक्यांनी घाबरलेले मांजर घरभर सैरावैरा धावते, आणि कुत्राही ताणलेल्या मनःस्थितीत असतो. त्या आठवड्यात दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवणे हेच शहाणपणाचे. मांजरावर लक्ष ठेवण्यास माणूस नसेल, म्हणजे कामावर जाताना, रात्री झोपताना, अंघोळीला जातानासुद्धा, दोघांमध्ये बंद दार असावे. वर्षानुवर्षे सर्व सुरळीत चालले असले तरी हा नेम मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही कुत्र्यांना मांजरासह ठेवता येत नाही. सहा महिन्यांच्या प्रामाणिक प्रयत्नांनंतरही जो मांजर दिसताच स्तब्ध होतो, किंवा ज्याने घरातील मांजराला एकदा पकडून झटकले आहे, त्याच्या बाबतीत दोनच मार्ग उरतात. दोघांनाही कायम स्वतंत्र भागात ठेवणे हा पहिला. मोठ्या घरात, शिस्तीच्या कुटुंबात तो जमतो. दुसरा म्हणजे दोघांपैकी एकासाठी योग्य घर शोधणे, आणि नव्या मालकाला कुत्र्याचा इतिहास न लपविता सांगणे. अशा वेळी कुत्र्याला मोटारीत घालून गावाबाहेर सोडून येणारी माणसे आढळतात. प्राण्याला भूक वा तहान यांमुळे यातना होतील अशा स्थितीत टाकून देणे हा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. कायद्याची गोष्ट सोडली, तरी शेतमळ्याच्या भागात सोडलेला शिकारी कुत्रा कोंबड्या-बकऱ्यांच्या मागे लागतो आणि लोकांच्या हातून मारला जातो.

अपघात घडलाच, तर जखमेच्या आकारावर विसंबू नये. कुत्रा भक्ष्य पकडून झटकतो, तेव्हा मांजराच्या कातडीवर सुळ्यांची दोन-चार लहान भोके दिसतात. पण कातडी सैल असल्याने आतील स्नायू फाटलेले, बरगड्या मोडलेल्या किंवा फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. मांजर उठून चालू लागले, तरी त्याला टॉवेलात गुंडाळून, खोक्यात ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. दोघांना सोडविताना हात मध्ये घालू नये. जाड चादर टाकावी किंवा खुर्ची, फळी असे काही मध्ये सरकवावे. त्या क्षणी ओळखीचे मांजरही माणसाला कडकडून चावते, आणि मांजराच्या चाव्याची जखम लवकर चिघळते. चावा कुत्र्याचा असो वा मांजराचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या लशीचा निर्णय त्यांनी घ्यावयाचा असतो. दोन्ही प्राण्यांना रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घेतलेली असावी. घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला ती कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. उघड्या खिडकीतून आत येणारी बाहेरची मांजरे हे त्याचे उत्तर आहे. दोघांच्या लशींच्या तारखा एकाच वहीत लिहून ती वही पशुवैद्याच्या दूरध्वनी क्रमांकासह दाराजवळ ठेवणे सोयीचे पडते.